शाळेची वाट कोणाची?

सकाळची मिस्सा आटोपून देवळाच्या पायऱ्या उतरू लागलो, की समोरच्या रस्त्यावर शाळेची वर्दळ सुरू झालेली दिसते. पाठीवर दप्तरे, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, दोघातिघांचे घोळके. रस्त्याच्या एका बाजूला उघडे गटार, दुसऱ्या बाजूला वाड्यांचे गडगे आणि घरांच्या कुंपणभिंती. मधली डांबराची पट्टी दोन गाड्या जेमतेम एकमेकींना चाटून जातील एवढीच. याच पट्टीवरून पाण्याचे टँकर जातात, रेतीचे डंपर जातात, रिक्षा जातात. आणि याच पट्टीच्या कडेने, गटार आणि चाक यांच्यामधल्या हातभर जागेतून, मुले शाळेला जातात. हे दृश्य इतके रोजचे आहे, की त्यात काही विचार करण्यासारखे आहे असे आम्हांस कैक वर्षे वाटलेच नाही.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या अशाच एका सकाळी शाळेजवळच्या वळणावर चौथीतल्या एका मुलीला टँकरचा धक्का लागला. जीव वाचला, डावा पाय मात्र कायमचा अधू झाला. ती मुलगी आमच्या धर्मग्रामातील नव्हती. तिचे आईवडील बांधकामावर मजुरी करीत. तिला शाळेत सोडायला त्यांच्यापाशी ना वाहन होते, ना सवड. गाव हळहळले. उपचारासाठी वर्गणी निघाली आणि ती बऱ्यापैकी जमलीही. टँकरचालकावर खटला भरला गेला. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत एक बदल मात्र नक्की झाला. ज्यांना शक्य होते त्या सर्व पालकांनी आपापल्या मुलांना स्कूटरवरून, रिक्षाने, मोटारीने शाळेत सोडण्यास सुरुवात केली. आम्हीही त्यांतलेच.

यात चुकले कोण? एकेका घरापुरते पाहिले तर कोणीच नाही. आपल्या लेकराला जपणे हा आईबापांचा धर्मच आहे. परंतु वर्षभरात त्या वळणावर सकाळी इतक्या गाड्या जमू लागल्या, की पायी येणाऱ्या मुलांना पूर्वी मिळणारी हातभर जागाही उरली नाही. आता पायी येणारे कोण होते? ज्यांच्या घरी वाहन नाही ते. आदिवासी पाड्यावरची, मजुरांच्या झोपड्यांतली, धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुले. म्हणजे ज्या धक्क्याने गाव जागे झाले, तो धक्का ज्या घरांतल्या मुलीला बसला, त्याच घरांतल्या मुलांची वाट आपल्या सावधगिरीने अधिक अवघड झाली. तेव्हापासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही. आपल्या मुलावरचे आपले प्रेम शेजाऱ्याच्या मुलाला धोक्याचे ठरू शकते काय? आणि ठरत असेल, तर त्या प्रेमाला आणखी कशाची जोड हवी?

या प्रश्नाला सामान्यतः तीन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी असते: देवाची मर्जी. या उत्तरामागची श्रद्धा आम्ही कमी लेखीत नाही. दुःख सोसण्याचे बळ त्यातून येते. परंतु दुःख सोसण्यासाठी जे वाक्य उपयोगी पडते, तेच दुःखाचे कारण झाकण्यासाठी वापरले गेले, तर ती श्रद्धा राहत नाही, आळस होतो. तो रस्ता देवाने आखलेला नाही. त्याचा नकाशा माणसाने काढला, त्याचे अंदाजपत्रक माणसाने केले, त्या गटारावर झाकण न टाकण्याचा निर्णयही माणसानेच घेतला. माणसाचे हिशेब देवाच्या खात्यावर लिहिणे हे भाविकाला शोभत नाही.

दुसरे उत्तर असे, की दोष चालकाचा. तो बेफाम होता, त्याला शिक्षा झाली पाहिजे. हे खरेच आहे. पण त्या वळणावर चालक बदलत राहतात. वळण तेच राहते. ज्या जागी साधी चूकदेखील मुलाच्या जिवावर बेतते, ती जागाच चुकीची बांधलेली आहे असे का म्हणू नये? तिसरे उत्तर शाळांचे आवडते आहे: मुलांना वाहतुकीचे नियम शिकवा. तेही अवश्य शिकवावे. परंतु स्टिना सँडेल्स या स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अनेक निरीक्षणांच्या आधारे दाखवून दिले, की लहान मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग, अंतर आणि दिशा यांचा अंदाज मोठ्यांप्रमाणे घेता येत नाही; कितीही शिकवले तरी वयाच्या आधी ती समज येत नाही. तेव्हा मुलाला रस्त्याजोगे करण्यापेक्षा रस्ता मुलाजोगा करणे हेच मोठ्यांचे काम ठरते. सारा भार सहासात वर्षांच्या जिवावर टाकून आपण मोकळे होणे हा न्याय नव्हे.

आता एक जुनी हकीकत सांगतो. १९७१ साली हॉलंडमध्ये रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्या मुलांमध्ये विक लांगेनहॉफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगीही होती. ती सायकलवरून शाळेस निघाली होती. हे गृहस्थ ‘द टेड’ या कॅथोलिक परंपरेतल्या दैनिकात काम करीत. पुढच्या वर्षी, १९७२ साली, त्यांनी आपल्या पत्रात एक लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ होता, ‘बालहत्या थांबवा’. शब्द कठोर होता आणि तो जाणूनबुजून योजलेला होता. ज्याला सगळा देश अपघात म्हणत होता, त्याला त्यांनी हत्या म्हटले. कारण जे घडणार हे आधीच ठाऊक असते आणि तरी टाळले जात नाही, त्याला अपघात म्हणवत नाही.

त्या लेखातून जी चळवळ उभी राहिली, तिने तेच नाव धारण केले. आईबाप मुलांसह रस्त्यांवर आले. १९७३ च्या तेलटंचाईने मोटारींवाचूनचा रविवार कसा असतो हे त्या देशाला अनायासे दाखवले. १९७६ साली, ज्या गल्ल्यांत मोटारीने पादचाऱ्याच्या चालीनेच जावे आणि मुलांना खेळण्याचा हक्क असावा, अशा वस्तीरस्त्यांना तेथील कायद्याने मान्यता दिली. सरकारने सायकलींच्या वेगळ्या मार्गांसाठी पैसा दिला. हे एका वर्षात झाले नाही, पिढी गेली. पण २०१० साली त्याच देशात रस्त्यावर दगावलेल्या मुलांची संख्या १४ वर आली होती. चारशेहून अधिक आणि चौदा, या दोन आकड्यांमधल्या अंतरात मुले बदलली नव्हती, देवाची मर्जीही बदलली नव्हती. रस्ते बदलले होते.

त्या पित्याला आपल्या मुलीसाठी आता काहीही करता येण्याजोगे नव्हते. तिला मोटारीने सोडण्याचा मार्गही उरला नव्हता. कदाचित म्हणूनच तो इतरांच्या मुलांकडे वळू शकला. आपल्यापुढचा पेच असा, की आपली मुले, देवाच्या कृपेने, जिवंत आहेत आणि आपल्यापाशी स्कूटर आहे. ज्याला सुटकेचा खाजगी मार्ग उपलब्ध असतो, त्याला सार्वजनिक मार्गाची निकड भासत नाही. नळाच्या पाण्याचे, सरकारी दवाखान्याचे, सरकारी शाळेचे जे झाले, तेच शाळेच्या वाटेचेही झाले आहे. ज्याचा शब्द ऐकला जाईल त्याने रस्ता सोडला, आणि जो रस्त्यावर उरला त्याचा शब्द कोणी ऐकत नाही.

डेन्मार्कने १९७६ साली आपल्या वाहतूक कायद्यात एक तरतूद केली. शाळेत जाता-येता मुलांचे वाहनांपासून संरक्षण करण्याचे उपाय पोलिसांनी आणि रस्त्याच्या अधिकाऱ्यांनी शाळांशी विचारविनिमय करून योजावेत, असे तीत म्हटले आहे. ओडेन्स हे तेथील शहर या कामात अग्रेसर ठरले. या तरतुदीतले ‘शाळांशी विचारविनिमय करून’ हे शब्द आम्हांस फार मोलाचे वाटतात. कोणत्या कोपऱ्यावर भीती वाटते हे कचेरीतल्या नकाशाला ठाऊक नसते. ते रोज त्या कोपऱ्यावरून जाणाऱ्या मुलाला ठाऊक असते.

पैशाचा प्रश्न मात्र अमेरिकेच्या उदाहरणावरून अधिक चांगला समजतो, म्हणून त्याकडे वळू. त्या देशात १९६९ साली ५ ते १४ वयाची जवळपास निम्मी मुले पायी किंवा सायकलने शाळेत जात. २००९ साली हे प्रमाण शेकडा १३ वर आले होते. मिनेसोटा राज्याचे जेम्स ओबरस्टार हे लोकप्रतिनिधी या विषयाचे कैवारी. त्यांच्या पुढाकाराने २००० साली कॅलिफोर्नियातील मॅरिन परगणा आणि मॅसॅच्युसेट्समधील आर्लिंग्टन या दोन ठिकाणी प्रत्येकी ५० हजार डॉलर देऊन प्रयोग करण्यात आला. तो आश्वासक ठरल्यावर २००५ च्या वाहतूक कायद्यात, शाळेच्या सुरक्षित वाटांसाठी पाच वर्षांकरिता ६१ कोटी २० लाख डॉलरची तरतूद झाली. आठवीपर्यंतच्या शाळांच्या भोवतालच्या सुमारे दोन मैलांतील कामांना हा पैसा मिळे. त्यातील ७० ते ९० टक्के पदपथ, रस्ता ओलांडण्याच्या जागा, वेग कमी करणारी बांधणी यांवर खर्चावा आणि उरलेला १० ते ३० टक्के शिक्षण, उत्तेजन, पोलिसांची देखरेख अशा गोष्टींवर खर्चावा, असे बंधन होते. प्रत्येक राज्यात या कामासाठी एक पूर्ण वेळचा समन्वयक नेमणे भाग होते.

कागदावर ही योजना उदार होती. खर्चाचा संपूर्ण भार केंद्राने उचलायचा होता. गावाने आपला हिस्सा घालण्याची अट नव्हती. तरी एक अडचण होती. पैसा आगाऊ मिळत नसे. गावाने आधी खर्च करावा, पावत्या दाखवाव्यात आणि मग परतफेड घ्यावी, अशी रीत होती. शिवाय अर्ज लिहायचा, नकाशे जोडायचे, मोठ्या महामार्गाला लागणारे सगळे कागद छोट्याशा पदपथालाही लागायचे. ज्या गावाच्या कचेरीत अभियंता आहे, लेखापाल आहे आणि गंगाजळीही आहे, त्याला हे साधते. ज्या गावात एकच कारकून सगळे पाहतो आणि तिजोरी रिकामी असते, त्याने काय करावे? पुढे २०१२ च्या कायद्याने ही स्वतंत्र तरतूदच रद्द झाली. ती इतर कामांच्या निधीत मिसळली गेली आणि साधारणपणे एक पंचमांश हिस्सा स्थानिकांनी घालावा अशी अट आली.

येथे एक खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. आपला हिस्सा घालण्याची अट वरवर पाहता योग्य वाटते. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. गावाने स्वतःचे काही घातले, तर ते काम जपेल, हा युक्तिवाद खोटा नाही. आपल्या धर्मग्रामातही शाळेची इमारत किंवा सभागृह बांधताना आपण हेच म्हणतो. परंतु शंभरातले वीस सर्वांना सारखे नसतात. श्रीमंत वस्तीचे वीस खिशातून निघतात. गरीब वस्तीचे वीस पोटातून निघतात. विधवेच्या दानाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचे दान मोठे, असे प्रभूने म्हटले, ते आपल्याला कळते. परंतु त्यावरून विधवेवर तेवढीच पट्टी बसवावी असा अर्थ कोणी काढला, तर तो अनर्थ होईल. जिथे धोका जास्त आणि कुवत कमी, तिथे पैसा आधी गेला पाहिजे. जिथे अर्ज उत्तम लिहिला जातो तिथे तो आधी जात असेल, तर ती योजना हुशारीला बक्षीस देते, गरजेला उत्तर देत नाही.

मग वरून सगळे देऊन टाकावे काय? तसेही नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली काढलेल्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात एक तत्त्व मांडले आहे. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या समूहाने त्याच्याकडून काढून घेऊ नये. मोठ्याने लहानाला साहाय्य करावे, त्याला गिळू नये. या तत्त्वाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही सारख्याच बंधनकारक आहेत. वरच्याने खालच्याचे काम हिरावून घेऊ नये, ही एक बाजू. वरच्याने साहाय्य नाकारून खालच्याला वाऱ्यावर सोडू नये, ही दुसरी. शाळेच्या वाटेला हे तत्त्व लावले, तर कामाची वाटणी आपोआप स्पष्ट होते. कोणते वळण धोक्याचे, हे ठरवणे गावाचे. पैसा आणि तांत्रिक ज्ञान पुरवणे शासनाचे. काम झाले की नाही, टिकले की नाही, हे पाहणे पुन्हा गावाचे.

आपल्याकडे कायद्याची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान दिले. नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांच्या बाराव्या अनुसूचीत रस्ते आणि पूल आहेत, रस्त्यावरचे दिवे आणि बसथांबेही आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यामागे शेजारच्या शाळेची कल्पना आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. म्हणजे मूल पायी जाईल हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. भारतीय रस्ते महासभेच्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने, सदोष रस्ता बांधणाऱ्या किंवा सांभाळणाऱ्या यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याच कायद्याने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड सांगितला आहे. दहावीतल्या मुलाला स्कूटर देणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अडथळ्यांवाचून पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले.

आणि तरीही २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली; त्यांत ३२,८२५ पादचारी होते, आणि अठरा वर्षांखालील मुलेमुली सुमारे साडेनऊ हजार. हे केंद्र शासनाचेच आकडे आहेत. साडेनऊ हजार म्हणजे दिवसाला पंचवीसच्या वर. एक वर्ग भरेल एवढी मुले, रोज.

पैसाही अगदीच नाही असे नाही. जिल्हा नियोजन समितीचा निधी असतो, आमदारांचा असतो. खासदाराला आपल्या मतदारसंघात कामे सुचवण्यासाठी वर्षाला पाच कोटी रुपये असतात. परंतु या निधीतून काय मागितले जाते? कमानी, सभामंडप, चौकांचे सुशोभीकरण. आम्ही मागितले नाही म्हणून मिळाले नाही, हे कबूल केले पाहिजे. गटारावर भक्कम झाकणे टाकली तर तोच पदपथ होतो. वळणावर गतिरोधक, रस्ता ओलांडण्याच्या जागी ठळक पट्टे, वाटेत उभा असलेला विजेचा खांब मागे सरकवणे, दृष्टीआड करणाऱ्या फांद्या छाटणे, शाळा भरताना आणि सुटताना अर्धा तास टँकर-डंपरना मज्जाव करणे: यांतले एकही काम उड्डाणपुलाइतके खर्चाचे नाही. माणसे आणि वाहने जिथे सरमिसळ वावरतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नसावा, असे २०२० साली स्टॉकहोमच्या जाहीरनाम्यात देशोदेशींच्या प्रतिनिधींनी मान्य केले. वेगमर्यादेचा फलक लावायला तर काहीच लागत नाही. तो पाळायला लावणे मात्र कोणत्याही निधीतून विकत मिळत नाही.

मग धर्मग्रामाने, शाळेच्या पालकसभेने काय करावे? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, मोजणे. एक आठवडा चारपाच पालकांनी आणि वरच्या वर्गातील मुलांनी वही घेऊन उभे राहावे. किती मुले पायी येतात, कुठे रस्ता ओलांडतात, किती गाड्या जातात, हे लिहावे. आकडे हातात असलेल्या माणसाला अधिकारी निराळ्या नजरेने पाहतात. दुसरी, सोबत. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९० च्या दशकात ‘चालती शाळाबस’ ही कल्पना पुढे आणली. मोठी माणसे पाळीपाळीने मुलांच्या रांगेसोबत ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी चालतात आणि वाटेतल्या घरांतली मुले रांगेत येऊन मिळतात. यात डिझेल लागत नाही आणि पाड्यावरचे मूलही आपल्या मुलाचा हात धरून चालते. तिसरी, पाठपुरावा. झालेले काम पहिल्या पावसाळ्यानंतर पाहावे, तिसऱ्या पावसाळ्यानंतर पुन्हा पाहावे. उद्घाटनाला सगळे येतात. झाकण फुटल्यावर कोणी येत नाही.

यावर एक आक्षेप ऐकू येतो आणि तो रास्त आहे. आपण कर भरतो. मग शासनाचे काम आपण का करावे? आपण करू लागलो तर शासन अंग काढून घेईल. ही भीती खरी आहे. म्हणून वर सांगितलेल्या गोष्टी शासनाच्या कामाऐवजी नाहीत, त्याच्या कामाला भाग पाडण्यासाठी आहेत. वर्गणी काढून आपणच झाकणे टाकू लागलो, तर आपल्या वाडीत झाकणे येतील आणि पाड्यावरचे गटार उघडेच राहील. म्हणजे पुन्हा खाजगी सुटका. मागणी साऱ्या वाटेची केली पाहिजे, आणि तिची सुरुवात आपल्या दारापासून नव्हे, जिथे मुले सर्वांत जास्त पायी चालतात तिथून झाली पाहिजे.

येथवर लिहिणे सोपे होते. आता जे लिहायचे आहे ते अवघड आहे. ज्या वळणावर त्या मुलीला धक्का लागला, तिथे पदपथाला जागा नाही, असे अभियंत्यांनी सांगितले. गटार एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पाच घरांच्या कुंपणभिंती. त्या पाच भिंतींपैकी एक आमची आहे. आजोबांनी बांधलेली, आता शेवाळलेली. तिच्याआड जास्वंद आहे, चार केळी आहेत. भिंत सव्वा मीटर आत घेतली, तर पदपथ होतो. जागा आमचीच आहे, सातबाऱ्यावर आहे, कोणी जबरदस्तीने घेऊ शकत नाही. आणि म्हणूनच हा प्रश्न कायद्याचा राहत नाही.

आमच्या घरात यावर पुष्कळ बोलणे झाले. थोरले बंधू म्हणाले, “आज पदपथ म्हणून द्याल, उद्या तेवढाच रस्ता रुंद करतील आणि डंपर अधिक वेगाने धावतील.” त्यांचे म्हणणे खोटे नाही, असे घडलेले आपण पाहिले आहे. वाहिनी म्हणाल्या, “शेजारच्यांनी दिली नाही तर आपल्या एका भिंतीपुरता तुकडा होऊन काय उपयोग?” तेही खरे. आईने एवढेच विचारले, “त्या पोरीचा पाय कोणत्या भिंतीजवळ गेला?” कोणी उत्तर दिले नाही. सर्वांना ठाऊक होते.

जमीन दान करणे आणि जमीन गमावणे यांत फरक आहे, आणि तो फरक राखणे हेही कर्तव्य आहे असे आम्हांस वाटते. डोळे मिटून दिलेले दान चुकीच्या हाती पडले, तर देणाऱ्याचाही त्यात वाटा असतो. म्हणून आमचे ठरले ते असे: जागा द्यायची, पण पदपथासाठीच, आणि तसे लेखी घेऊन, पदपथ उंच, कडेला कठडा असलेला, आणि आधी वळणावर गतिरोधक. हे पत्र संबंधित कचेरीत दिले आहे. पाच घरांपैकी दोघांनी होकार दिला आहे, एक घर विचार करीत आहे, एकाचा नकार आहे. त्या नकार देणाऱ्या घराला आम्ही दोष देत नाही. त्यांची जागा आमच्याहून कमी आहे. ज्याला जास्त आहे त्याने अधिक आत सरकावे, हेच बरोबर. म्हणून आम्ही आणखी एक हात आत सरकण्यास तयार आहोत. तेवढ्याने वाट पुरी होईल की नाही, हे मोजणीनंतर कळेल.

आरंभी जो प्रश्न मांडला, त्याचे उत्तर आम्हांस आता असे दिसते. आपल्या मुलावरचे प्रेम चुकीचे नाही. ते अपुरे आहे. ते फाटकापर्यंत पोहोचून थांबले, तर दुसऱ्याच्या मुलाच्या वाटेत उभे राहते. तेच प्रेम फाटकाबाहेर एक पाऊल टाकून रस्त्यावर आले, मोजायला, मागायला, द्यायला तयार झाले, तर त्या वाटेवरून दोघांचीही मुले चालू शकतात. चालक, शासन, कंत्राटदार या सर्वांना जाब विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. पण ज्याची भिंत वळणावर आहे, त्याने तो विचारताना आपल्या भिंतीकडेही एकदा पाहावे.

ती मुलगी आता आठवीत आहे. किंचित लंगडत, अजून पायीच येते. सकाळी आमच्या भिंतीला हात लावून वळण ओलांडते, कारण पाय ठेवायला तिथे दुसरी जागा नाही. ही भिंत तिच्या आधाराची आहे, की अडचणीची, हे आम्ही रोज खिडकीतून पाहतो. जास्वंदीची फांदी दुसरीकडे लावली आहे. मोजणीची तारीख आली, की भिंत पाडायला सुरुवात करू.